‘प्रचंड’ मी लिहिला नव्हता

एका शब्दावरून माझी बातमीदारी गेली. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, कुठला शब्द, शिवीबिवी दिली होती का? शिवी नव्हती. शब्द होता ‘प्रचंड’, आणि तो मी लिहिलाही नव्हता. माझ्या नावाखाली दुसऱ्यानं घातला, आणि तो माझा नाही हे मी मोठ्यानं सांगितलं. काम गेल्याचं वाईट वाटणं कधीच सरलं. त्या शब्दावरचा राग मात्र अजून जागेवर आहे, आणि तो तिथंच राहावा अशी माझी इच्छा आहे.

मी न्हावऱ्याची. आमच्या गावातून शिरूरलाही एसटी मिळते आणि दौंडकडेही जाता येतं, त्यामुळे दोन्ही गावं मला लहानपणापासून सारखीच जवळची. अब्बा शाळेचे गणवेश शिवायचे. शाळा सुरू व्हायच्या आधी घरात खाकी आणि पांढऱ्या चिंध्यांचा ढीग पडलेला असायचा, आणि गावातली निम्मी पोरं अब्बांच्या मशिनीवरचे कपडे घालून पहिलीत जायची. आमचं घर गावात कधी आलं ते कुणाला सांगता येत नाही. अब्बांच्या आजोबांची कबर इथंच आहे, त्याच्या मागचं कुणी विचारत नाही. घरातली आमची बोली अर्धी दखनी, अर्धी न्हावऱ्याची. अम्मा चुलीपुढं दखनीत वाक्य सुरू करायची आणि दारात कुणी बाई आली की तेच वाक्य मराठीत पुरं करायची. मराठी मी कुठं जाऊन शिकले नाही. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना ती होतीच.

शिरूरच्या कॉलेजात असताना निबंधस्पर्धेत माझा पहिला नंबर आला. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी माझं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नाव वाचलं आणि माइकवर म्हणाले, “तुमचं मराठी खूपच छान आहे हो!”

मी म्हणाले, “तुमचंही छान आहे, सर.”

मुली हसल्या. पाहुणे हसले नाहीत. नंतर मराठीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं की ते कौतुकच करत होते. करत असतील. पण दुसरा नंबर माझ्या कवठे येमाईच्या मैत्रिणीचा होता, आणि तिचं मराठी खूपच छान आहे असं तिला कुणी सांगितलं नाही. माझ्या वाट्याला आलेल्या त्या ‘खूपच’मध्ये, मी कुठून चालत आले असेन याचा त्यांनी मनाशी धरलेला अंदाज होता. मी कुठून आले होते? न्हावऱ्याहून, सकाळच्या एसटीनं, मैत्रिणीच्या शेजारी बसून.

पण शब्दांकडे संशयानं बघायची सवय मला खरी लागली ती अम्माच्या दुखण्यात. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. अम्माचा डावा हात कित्येक महिने दुखत होता. ती गावातल्या दवाखान्यात जायची, बाकावर बसायची, नंबर आला की सांगायची, “लई दुखतंय.” डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचे. त्यांना मी दोष देत नाही. त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाचं लईच दुखत होतं. कुणाची कंबर लई, कुणाचं डोकं लई, कुणाचं पोट लई. तो शब्द ऐकून डॉक्टरांची मान वर होत नव्हती, आणि अम्माकडे दुसरा शब्द नव्हता. फार झालं तर ती तोच दोनदा म्हणायची.

शेवटी मी तिला दौंडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तिरसट म्हणून प्रसिद्ध होत्या. अम्मानं सुरुवात केली, “हात लई दुखतोय.”

“लई सगळेच म्हणतात,” त्या म्हणाल्या. “काय करताना दुखतो ते सांगा. आधी जमायचं आणि आता जमत नाही असं कुठलं काम आहे?”

अम्मा माझ्याकडे बघत राहिली. असं तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग हळूहळू सांगायला लागली. “पीठ मळताना मधीच हात गळतो. घागर घेऊन वट्यावर चढले की इथनं निघतं,” तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं आणि कोपरापर्यंत खाली आणलं, “आन् टेकले की जातं. पुन्हा उठले की पुन्हा येतं.”

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यानंतर सगळं भराभर झालं. ईसीजीची पट्टी काढली, तिथून लगेच गाडी करून पुण्याला नेलं. दुखणं हाताचं नव्हतंच. अम्मा त्यातून उठली आणि पुढं बरीच वर्षं जगली. माझी पहिली बातमी छापून आली ती तिनं बघितली. वाचता येत नव्हतं, पण माझं नाव कुठं आहे ते ती आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवायची.

एवढ्या महिन्यांच्या ‘लई’नं जे झालं नाही ते पीठ मळण्यानं आणि घागरीनं झालं. मी तेव्हा काही ठरवलंबिरवलं नाही. पण पुढं बातम्या लिहायला लागले तेव्हा असला शब्द पेनातून उतरायला लागला की मला तो बाक आठवायचा आणि हात थांबायचा.

पुण्याच्या एका वर्तमानपत्रासाठी मी दोन्ही तालुक्यांचं काम करायचे. स्कूटीवर फिरायचे, बातमी फोनवरच टाइप करून पाठवायचे. तिकडे कचेरीत डेस्क असतो, म्हणजे आमच्या बातम्या घेऊन त्यांना मथळे देणारी, छाटणारी आणि फुगवणारी माणसं. आमच्या पानाचे उपसंपादक वाईट गृहस्थ नव्हते. कुणी वारल्याची बातमी घरच्यांशी बोलल्याशिवाय द्यायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर ते स्वतः फोन करून विचारायचे. पण कोरं वाक्य त्यांना सोसायचं नाही. रक्तदान शिबिराला मी ‘प्रतिसाद’ लिहिला की छापून ‘उत्स्फूर्त व प्रचंड प्रतिसाद’ यायचा. मी ‘गर्दी’ लिहिली की ती ‘अलोट’ व्हायची, ‘दुःख’ ‘अतीव’ व्हायचं, ‘नुकसान’ ‘अतोनात’ व्हायचं. मी विचारलं की ते म्हणायचे, बातमीला जरा वजन लागतं. मी म्हणायचे, वजन घटनेत असेल तर दिसेल, नसेल तर आपण कुठून आणणार? ते हसायचे. तेवढ्यावर ते थांबायचं, कारण अलोट गर्दीनं तोवर कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

मग कवठे येमाईच्या बाजूला एका वस्तीवर बिबट्यानं शेळी नेली. मी वस्तीवर जाऊन आले. कुठल्या बाजूनं आला, शेळी कुठं बांधली होती, वनखात्याची माणसं कधी येऊन गेली, उसाच्या कडेनं एकट्यानं जाऊ नका असं त्यांनी सांगितलं, हे सगळं लिहून पाठवलं. वाचणाऱ्याला उपयोग होईल असं सगळं त्यात होतं. छापून आलं ते ‘बिबट्याचा धुमाकूळ, परिसरात प्रचंड दहशत’, आणि जागा कमी पडली म्हणून खालच्या सूचना कापलेल्या. थोड्या दिवसांनी त्या वस्तीवरच्या एका मुलीचा मला फोन आला. शिरूरला अकरावीला होती. ती म्हणाली, “ताई, बिबट्या गेला पलीकडच्या शिवारात, समद्यांना ठावं हाय. पण आमच्या आजोबांनी तुमचा पेपर भिंतीला चिकटवलाय. मी कालेजचं नाव काढलं की त्याच्याकडं बोट दाखवत्यात.”

मी तिच्या घरी गेले, आजोबांशी बोलले. वडीलधारे होते, मला चहा दिला, माझं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “पर बाई, छापलंय तर तुम्हीच.” खाली माझंच नाव होतं. त्या दिवशी मी डेस्कला फोन करून पहिल्यांदा आवाज चढवला. उपसंपादक म्हणाले, बरं, तुमच्या बातमीत नाही घालणार. काही महिने त्यांनी ते पाळलंही.

आता दौंडचं सांगते.

त्या सकाळी मी दौंडच्या आठवडे बाजारात कांद्याच्या भावाची बातमी करायला गेले होते. कोपऱ्यावर पेरूची एक हातगाडी उभी होती. एक तरुण शेतकरी मागे पोतं बांधून मोटारसायकलवरून आला, वळताना त्याचं हँडल गाडीच्या दांडीत अडकलं, आणि पेरूची एक पाटी रस्त्यावर उलटली. गाडीवाला ओरडला. मोटारसायकलवाला म्हणाला, गाडी रस्त्यात का लावली. त्यानं हात उगारला, गाडीवाल्यानं त्याच्याआधी मारला. दोघांचे ओळखीचे धावत आले, ढकलाढकली झाली, कुणाचा तरी शर्ट फाटला. आजूबाजूचे चारदोन दुकानदार शटर अर्धं ओढून बघत उभे राहिले. एकानं मोबाइल वर धरून सगळं चित्रित केलं. पोलिसांची गाडी आली, दोघांना घेऊन गेली. मीही मागोमाग ठाण्यावर गेले. दोघांच्या घरची माणसं आली, साहेबांनी दोघांना झापलं, दोघांनी मान खाली घालून ऐकलं. मी परत बाजारात आले तेव्हा शटरं वर होती, आणि ज्या पोरीनं रस्त्यावरचे पेरू वेचून ठेवले होते ती ते गाडीवाल्याच्या भावाला देत होती.

पेरूवाला मुसलमान होता. मोटारसायकलवाला मराठा होता. भांडण सुरू झालं तेव्हा याचं कुणाला काही पडलं नव्हतं. व्हिडिओ फिरायला लागल्यावर तो पाहणाऱ्यांना तेवढंच दिसलं.

मी बातमी पाठवली. गाडीला हँडल लागलं, बाचाबाची आणि झटापट झाली, पोलिसांनी दोघांना समज दिली, बाजार नंतर सुरळीत चालू राहिला. एवढीच. दुपारी उपसंपादकांचा फोन आला. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता.

“मॅडम, सगळीकडे ‘प्रचंड तणाव’ चाललंय आणि तुमच्या बातमीत तणावाचा उल्लेख नाही.”

“तणाव नाही म्हणून नाही.”

“दोन गट आमनेसामने आल्याचं दिसतंय व्हिडिओत.”

“दोन माणसं होती,” मी म्हणाले. “बाकीची त्यांना सोडवणारी किंवा चढवणारी. गट नव्हते.”

मग मला समजून घेतल्याच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमची अडचण मी समजू शकतो. अशा विषयात तुम्ही जरा सांभाळून लिहिणार.”

मी विचारलं, “माझी अडचण काय ते सांगा.”

“तसं नाही हो, मॅडम,” ते म्हणाले.

“मी सांगते,” मी म्हणाले. “मी सकाळपासून इथं उभी आहे आणि तुम्ही पुण्यात खुर्चीवर आहात, ही अडचण आहे. बाजार चालू आहे. बायका भाजी घेतायत. यात ‘प्रचंड’ कुठं दिसला तुम्हाला?”

सगळे हेच लावणार आहेत, आपलं पान फिकं पडेल, असं काहीसं ते बोलत राहिले. मी त्यांना चालू बाजाराचा फोटो पाठवला. शेवटी स्पष्ट सांगितलं की मथळा बदलायचा असेल तर माझं नाव काढा. ते हो म्हणाले की नुसतं हं म्हणाले, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी पेपर माझ्यासमोर ठेवला आणि मशिनीवर जाऊन बसले. ‘दौंडमध्ये प्रचंड तणाव, दोन गट भिडले’. खाली माझं नाव. फोटो व्हिडिओमधला, फाटक्या शर्टाचा. माझा बाजाराचा फोटो कुठंच नव्हता.

एकामागून एक फोन यायला लागले. ओळखीचे विचारत होते, दौंडला यायला हरकत नाही ना? एका नातेवाइकांनी मला खडसावलं, आपल्याच माणसाला गोत्यात आणलंस म्हणून. आणि एका अनोळखी माणसानं मला शाबासकी दिली, तुम्ही त्या समाजाच्या असून खरं लिहिलंत म्हणून. खडसावणं मी ऐकून घेतलं. शाबासकीचा फोन मी मधेच तोडला.

स्कूटी काढली आणि दौंडला गेले. काल भांडणानंतरही चालू राहिलेल्या दुकानांपैकी कितीतरी आज बंद होती. कडी घातलेल्या एका दुकानाच्या पायरीवर मालक बसला होता. त्याला विचारलं, काय झालं? तो म्हणाला, झालं काय न्हाई, पण पेपरात वाचलं, तवा म्हटलं आजचा दिवस नको. चौकात पोलिसांची गाडी उभी होती. ती का उभी आहे, तर दुकानं बंद आहेत म्हणून. येणारे गाडी बघून मागे फिरत होते. काल ज्याचा पत्ता नव्हता तो तणाव आज रस्त्यावर आला होता, आणि तो कुठून आला ते मला चांगलं ठाऊक होतं.

पेरूवाल्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं दार उघडलं, मला ओळखलं आणि आत घ्यावं की नाही याचा विचार करत उभी राहिली. मी म्हणाले, “भाभी, वो शब्द मेरा नहीं है.” ती म्हणाली, “नाम तो आपकाच है.” शेवटी तिनं आत घेतलं. नवरा खाली मान घालून बसला होता. त्याच्या सासऱ्यांचा फोन आला होता की काही दिवस गाडी लावूच नको. मी त्याला माझ्या फोनवरची मूळ बातमी वाचून दाखवली. त्यानं ऐकली आणि एवढंच म्हणाला, “बस, इतनाच तो हुआ था.”

तिथून मोटारसायकलवाल्याच्या वस्तीवर गेले. घर नदीच्या अंगाला, उसाच्या मधे. त्याच्या आईनं माझं नाव ऐकून मला अंगणातच उभं केलं. तो गोठ्यातून हात पुसत बाहेर आला. गालावर अजून वळ होता. त्यालाही मी मूळ बातमी दाखवली. तो म्हणाला, “मॅडम, मी कुठल्या गटात हाय ते मला पेपरातच कळलं. सकाळधरनं असल्या लोकांचे फोन येत्यात, ज्यांना मी कवा पाह्यलं न्हाई. म्हनत्यात, तू घाबरू नको, आमी तुझ्या मागं हाय. मी म्हनलं, मागं कशाला, माझं पेरूवाल्याशी मिटलंय.”

“मग ते काय म्हणाले?”

“म्हनले, मिटवू नको.”

त्याची आई हे ऐकत होती. ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

त्याच दिवशी मी पुण्याच्या कचेरीत गेले. उपसंपादक जागेवर नव्हते, की होते आणि आतल्या बाजूला गेले, कोण जाणे. त्यांच्यावरच्या साहेबांनी मला बसवलं. मी म्हणाले, खुलासा छापा. मूळ बातमी काय होती आणि मथळा कुणी बदलला तेही त्यात लिहा. साहेब शांतपणे म्हणाले, “अहो, एका शब्दासाठी खुलासा करतात का?”

“एकच आहे ना, मग सोपं आहे. काढा.”

ते म्हणाले, तपशील तर खरेच आहेत. भांडण झालंच ना, शर्ट फाटलाच ना, पोलीस आलेच ना? मी म्हणाले, सगळं खरं आहे, म्हणूनच तो शब्द खोटा आहे हे कुणाला ओळखू येत नाही. खऱ्या गोष्टींच्या मधे बसवलाय तो. ते माझ्याकडे जरा कंटाळून बघत होते. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला आमच्याबरोबर काम करायचंय की नाही? मी म्हणाले, करायचंय, म्हणून तर स्कूटीवर इथवर आले. खुलासा छापणार नसाल तर मी ही गोष्ट दोन्ही तालुक्यांत तोंडानं सांगत फिरेन. त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं. मी गळ्यातून काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं.

शिरूरला एक निवृत्त शिक्षक चार पानांचं साप्ताहिक काढतात. बौद्ध वस्तीत घर आहे, पुढच्या खोलीतच कचेरी. कॉलेजात असल्यापासून मी त्यांना ओळखायचे. त्यांच्याकडे काम मागायला गेले नव्हते. नुसती चिडून सांगायला गेले होते. सरांनी सगळं ऐकलं. म्हणाले, “आमच्या वस्तीच्या नावापुढं ‘तणावग्रस्त’ किती वेळा लागलंय, माहिती आहे? एकदा तर आम्ही पाण्यासाठी नुसते नगरपालिकेपुढं बसलो होतो.” मग त्यांनी माझी मूळ बातमी मागितली आणि आपल्या अंकात पहिल्या पानावर जशीच्या तशी लावली. वर फक्त एक ओळ घातली की ही बातमी अशी लिहिली गेली होती. बाजाराचा तो फोटोही छापला. भाजी घेणाऱ्या बायका, मागे पेरूची गाडी.

त्याचा काय उपयोग झाला, असं मला विचारतात. मोठा झाला असं मी म्हणणार नाही. साप्ताहिक वाचणारे थोडे. पण मोटारसायकलवाल्यानं त्या पानाचा फोटो काढून, त्याला फोन करणाऱ्या सगळ्यांना पाठवला, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे फोन थांबले. पुढच्या आठवड्यात बाजार नेहमीसारखा भरला. पेरूवाला मात्र त्या कोपऱ्यावर परत आला नाही. तो आता स्टेशनच्या बाजूला गाडी लावतो. तिकडे गिऱ्हाईक कमी आहे, तो म्हणतो, पण बायको निवांत झोपते. त्याचा कोपरा त्या शब्दानं नेला, ही नोंद मी इथं करून ठेवते, कारण कुठल्याच पेपरात ती आली नाही.

तेव्हापासून मी सरांच्या साप्ताहिकात लिहिते. काही वाचकांची तक्रार असते की आमच्या बातम्या अळणी असतात. असू देत. ज्याला तिखट हवंय त्यानं मिसळ खावी. जाहिराती सर बघतात, त्यात ‘भव्य’ ‘दिव्य’ काय हवं ते घाला. बातमीच्या बाजूला ते येऊ द्यायचं नाही, हा आमच्यातला एकमेव लेखी नसलेला करार. दुपारी घरीच मी काही मुलींना लिहायला शिकवते. एमआयडीसीत काम करणाऱ्या उत्तरेकडच्या कुटुंबातली एक मुलगी येते. मराठी शाळेत शिकलेली, मराठी चांगलं लिहिते. तिनं वडिलांवर लिहिलं, माझे वडील खूप खूप कष्ट करतात. मी विचारलं, घरी येतात तेव्हा काय करतात? तिनं पुन्हा लिहून आणलं. वडील घरी आल्यावर बूट काढायला बसतात आणि बूट न काढताच झोपतात. मग आई बुटाची नाडी सोडते, तेव्हाही ते उठत नाहीत.

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी तिला ते वडिलांना वाचून दाखवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती खट्टू होऊन आली. वडील म्हणाले होते, ये मत लिख, लोग हँसेंगे. खूप कष्ट करतात एवढं लिही, ते बरं दिसतं. त्यांचं बरोबर होतं. ‘खूप’च्या आड माणसाला लपताही येतं, आणि लपायचा हक्क त्यांचा होता; बूट त्यांचे, झोप त्यांची. आम्ही ते वाक्य काढून टाकलं. पण ‘खूप खूप’ परत घातला नाही. तिनं लिहिलं, माझे वडील रात्रपाळी करतात. वडिलांना ते चाललं.

मध्यंतरी जुन्या वर्तमानपत्रातून फोन आला. तेच साहेब. दोन्ही तालुक्यांना माणूस मिळत नव्हता, आलेले टिकत नव्हते. झालं गेलं विसरा, म्हणाले, परत या. मी म्हणाले, येते, एका अटीवर. माझं नाव असलेल्या बातमीत माझ्याशी बोलल्याशिवाय एकही शब्द वाढवायचा नाही. कमी करा, जागा नसेल तर अर्धी कापा, पण वाढवायचा नाही.

असं वचन डेस्कच्या वतीनं देता येत नाही, ते म्हणाले.

मग मलाही येता येणार नाही, मी म्हणाले.

ते उसासा टाकून म्हणाले, “तुम्ही फारच ताठ आहात, मॅडम.”

“ताठ आहे, सर,” मी म्हणाले. “त्यातला ‘फारच’ काढा.”